पल्सरला ९ ऐवजी १४ एएचची बॅटरी: रात्रीच्या पाण्यासाठी केलेल्या कामाच्या नोंदी

गाडी २००८ ची पल्सर १५० डीटीएस-आय, गाव जुन्नर तालुक्यात, शेत घरापासून तीन किलोमीटर. आमच्या फीडरला (गावच्या वीजलाइनला) आठवड्यातले काही दिवस शेतीची लाइट रात्री असते, म्हणजे मोटर चालू करून दारं धरायचं (पाणी एकेका वाफ्यात वळवायचं) काम मध्यरात्री. गाडीला पुढे दोन एलईडी फॉग (जादा दिवे) लावलेत, ते चालू ठेवून गाडी बांधावर उभी करतो, इंजिन बंद. उजेड का लागतो ते इकडच्या लोकांना सांगायला नको. शेजारी ऊस आहे आणि आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. कोणाला असंच काम करायचं असेल तर माझे पैसे आणि दिवस कुठे गेले ते कळावं म्हणून लिहितोय.

४ नोव्हेंबर २०२३

रात्री दीडला पाणी दुसऱ्या वाफ्यांना वळवलं, परत गाडीपाशी आलो तर फॉग पिवळट पडलेले. सेल्फ दाबला, नुसतं टक टक टक. किक मारून मारून पाय भरून आला, लागली नाही. शेवटी आबांना फोन करून उठवलं, ते टॉर्च घेऊन चुलतभावाच्या गाडीवर आले, मग उतारावर ढकलत दुसऱ्या गियरला क्लच सोडला तेव्हा गाडी चालू झाली. आबा ७१ वर्षांचे आहेत, त्यांना त्या वेळेला उसाच्या कडेने यायला लागलं हे मला फार लागलं. त्याच रात्री ठरवलं की बॅटरी मोठी टाकायची.

५ नोव्हेंबर

टाकण्याआधी जुनीची परीक्षा घेतली. हे केलं ते बरं केलं, कारण नाहीतर पुढचं काहीच कळलं नसतं. जुनी १२ व्होल्ट ९ एएच (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप), पाण्याची, साडेतीन वर्षं झालेली. रात्रभर चार्ज केली, दोन तास तशीच ठेवली, मीटरवर १२.६. मग इंजिन बंद ठेवून दोन्ही फॉग लावले आणि घड्याळ लावून बसलो. फॉगवर २० वॅट लिहिलंय पण दोन्ही मिळून २.९ अँपिअर घेतात, म्हणजे एकेक साधारण १८ वॅटचा. एक तास दहा मिनिटांत व्होल्टेज ११.८ वर आलं, तिथे थांबवलं.

२.९ गुणिले १.१७ तास म्हणजे ३.४ एएच. बॅटरी नऊची आणि हातात आले साडेतीनही नाहीत. तेव्हा जुनी थकलीच होती, नवीन नऊची टाकली असती तरी बराच फरक पडला असता हे प्रामाणिकपणे सांगतो. पण मला दोन तास उजेड हवा होता. दोन तासांचे ५.८ एएच होतात आणि शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली वरचेवर उतरवली की लवकर मरते, म्हणजे किमान १२ ची तरी हवीच. जुन्या बुलेटला १४ ची येते हे माहीत होतं. तीच घ्यायचं ठरवलं.

१० नोव्हेंबर, धनत्रयोदशी

नारायणगावला गेलो. दुकानात ही गर्दी. मी जाऊन सांगितलं, बुलेटची १४ ची द्या. त्याने दिली. २,३५० रुपये, जुनी दिली असती तर अजून कमी झाले असते पण जुनी घरीच होती. चूक पहिली ही: मी व्होल्ट आणि एएच विचारले, माप विचारलं नाही. ना लांबी-रुंदी, ना उंची, ना पॉझिटिव्ह कोणत्या बाजूला आहे ते.

चूक दुसरी तिथेच झाली पण ती दोन आठवड्यांनी कळली. दुकानदाराने समोर ॲसिड भरलं, अर्धा तास चार्जिंगला लावली, "झाली बघा भाऊ, न्या" म्हणाला. मागे लोक उभे होते, मला पण घरी दिवे लावायला पोचायचं होतं, मी घेऊन आलो.

११ नोव्हेंबर

साइड पॅनल काढलं, जुनी बाहेर, नवीन आत ठेवायला गेलो तर जातच नाही. तेव्हा पट्टी घेऊन मापं घेतली, जी आधी घ्यायची होती. जुनी लांबीला १३५ मिलिमीटर, रुंदीला ७५, उंचीला १३९. नवीन लांबीला १३४, रुंदीला ८९, उंचीला १६६. लांबी जवळपास सारखी, त्यामुळे दुकानात नुसतं बघून बसेल असं वाटलं होतं. रुंदीत १४ मिलिमीटर आणि उंचीत २७ मिलिमीटर जास्त. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर केलं, जुनी ३.२ किलो, नवीन ४.८.

आणि टर्मिनल उलटे. जुनीचं पॉझिटिव्ह डावीकडे, नवीनचं उजवीकडे. बॅटरीच्या कोडमध्ये आकड्यानंतर एल हे अक्षर असलं की पॉझिटिव्ह उजव्या बाजूला असतं, हे मला नंतर वायरमनने सांगितलं. घेताना ते अक्षर तेवढं बघा. पॉझिटिव्हची केबल गाडीत मोजून मापून दिलेली असते, ती दुसऱ्या टोकाला पोचत नाही.

परत करावी म्हणून फोन केला तर ॲसिड भरलेली बॅटरी परत घेत नाहीत. सगळीकडे तसंच असतं, त्यात त्याची चूक नाही.

१६ नोव्हेंबर

भाऊबीज झाल्यावर फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. त्याचं पहिलं म्हणणं की आहे तो ट्रे कापू आणि गाडीवरच वेल्डिंग मारू. मी नको म्हटलं. गाडीच्या फ्रेमवर आर्क वेल्डिंग करताना करंट वायरिंगमधून फिरला तर सीडीआय (इंजिनची ठिणगी सांभाळणारा भाग) नाहीतर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज काबूत ठेवणारा) जाऊ शकतो, आणि पंधरा वर्षं जुन्या गाडीला मला नवीन दुखणं लावायचं नव्हतं. म्हणून ट्रे वेगळा करायचा आणि मूळच्याच भोकांना बोल्टने कसायचा असं ठरलं.

या वेळी घरून पुठ्ठ्याची डमी करून नेली होती. बुटाचा खोका कापून १३४ बाय ८९ बाय १६६ चा चौकोनी डबा केला, वर टर्मिनलच्या जागी बाटलीची दोन बुचं चिकटवली. ती गाडीत घालून पॅनल लावून बघितलं तेव्हा तीन गोष्टी कळल्या. ट्रे ३० मिलिमीटर खाली घ्यायला लागणार, पॅनल १५ मिलिमीटर बाहेर येणार, आणि टूलकिटची पिशवी ठेवायला जागा उरणार नाही. तासाभराचं काम आहे आणि फुकट आहे. बॅटरी विकत घ्यायच्या आधी हा डबा करा, मी नंतर केला.

ट्रे २ मिलिमीटरच्या पत्र्याचा, खाली दोन भोकं पाणी जायला, आतून सायकलची ट्यूब कापून चिकटवली. वरून दाबायला एक पट्टी. मजुरी आणि पत्रा मिळून ४५० रुपये.

१९ नोव्हेंबर

बसवली. पॅनलच्या मागे रबरी बुश आणि लांब बोल्ट घातले, पॅनल थोडं फुगलेलं दिसतं पण पायाला लागत नाही.

काढताना आधी निगेटिव्ह काढायचं, लावताना निगेटिव्ह शेवटी लावायचं, हे मला माहीत होतं, तरी घाईत पॉझिटिव्हचा बोल्ट शेवटी कसायला घेतला. १० नंबरचा पाना एका टोकाने फ्रेमला टेकला आणि असा चटका बसला की पान्याच्या तोंडाला काळा खड्डा पडला. बॅटरीतून निघणारा गॅस पेट घेतो, त्या ठिणगीने डोळे जाऊ शकतात. आता तो पाना मी दांड्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळूनच ठेवलाय.

पॉझिटिव्हची नवीन केबल १६ स्क्वेअर एमएमची घेतली, लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) पक्कडीने दाबून घरीच लावले. सेल्फ मारला तर इंजिन जडशीळ फिरायला लागलं, नवीन बॅटरी असून जुनीपेक्षा वाईट. तीन-चार वेळा सेल्फ मारून लगला हात लावला तर गरम. मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी केबलच्या पलीकडच्या टोकावर धरून सेल्फ मारला, ०.९ व्होल्ट नुसते केबलमध्येच जात होते. ट्रॅक्टरच्या केबल बनवणाऱ्याकडे जाऊन त्याच्या मोठ्या दाबयंत्रावर लग बसवून घेतले, ६० रुपये घेतले, आणि तोच आकडा ०.२ वर आला. सेल्फ एका दमात. त्या पक्कडीपायी अर्धा रविवार गेला.

२४ नोव्हेंबर

गाडीजवळ गेलं की ॲसिडचा वास. पॅनल उघडलं तर बॅटरीच्या बाजूला ओल, चेनवर आणि स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) पांढरे ओघळ, एका ठिकाणी रंग सुटलेला. कारण असं की पाण्याच्या बॅटरीला बाजूला एक बारीक नळी असते, तिच्यातून वाफ आणि जास्तीचं ॲसिड खाली जातं. माझी नळी ट्रे आणि पॅनल यांच्यात चेंगरली होती, आणि तिचं तोंड होतं ते बरोबर चेनच्या वर. खायचा सोडा पाण्यात कालवून सगळं धुतलं, फेस यायचा थांबेपर्यंत ओतत राहिलो, मग साधं पाणी, मग चेनला ऑइल. नळी नवीन घेतली (१५ रुपये मीटर), मोकळी वळणं देत चेनच्या पुढून खाली सोडली आणि टोक तिरकं कापलं म्हणजे चिखलाने बुजत नाही.

उघडलीच होती म्हणून वायरमनकडचा हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायचा) आणून सहाही खाने तपासले. १.२२० च्या आसपास. भरलेल्या बॅटरीत १.२६० ते १.२८० यायला पाहिजे. म्हणजे दोन आठवडे मी जिला नवीन म्हणत होतो ती कधी पूर्ण भरलीच नव्हती. दुकानातलं अर्ध्या तासाचं चार्जिंग तेवढंच होतं. ॲसिड भरल्यावर पहिलं चार्जिंग सावकाश व्हायला लागतं, एएचच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे चौदाला १.४ अँपिअर, आणि ते कित्येक तास. शेजाऱ्याचा ट्रॅक्टरचा चार्जर मिळत होता पण तो सहा अँपिअर सोडतो, एवढ्या लहान बॅटरीला तो नको. दीड अँपिअरचा छोटा चार्जर घेतला ८५० रुपयांना. रात्री नऊ ते सकाळी सात, बुचं उघडी, खोलीत नाही तर पडवीत. सकाळी १.२६५, एका खान्यात १.२७०. तास-दोन तास थांबून व्होल्टेज १२.७.

पाणी कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, ॲसिड परत कधीच नाही. आमच्या गावात अजून लोक ॲसिडच घालतात.

५ डिसेंबर

नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी पाऊस झाला. कांद्याच्या रोपांचं बघण्यात आणि कांदाचाळीवर कागद टाकण्यात गाडीकडे कोणी पाहिलं नाही, नऊ दिवस ती गोठ्याच्या कडेला उभी होती. आज सेल्फ मारला तर ढिला. व्होल्टेज १२.३. पूर्ण भरलेली चौदाची बॅटरी नुसती उभी राहून एवढी उतरायला नको.

मीटर निगेटिव्हच्या लाइनमध्ये लावून चावी बंद ठेवून करंट बघायचं ठरवलं, आणि सवयीने चावी फिरवून सेल्फ दाबला. मीटरच्या आतला १० अँपिअरचा फ्यूज गेला. फ्यूज ४० रुपयांचा, पण त्याच्यासाठी ओतूरला जाऊन यायला लागलं, दिवस मोडला. मीटर असा लावला असेल तेव्हा चावी काढून खिशात ठेवा.

संध्याकाळी परत मोजलं, २० मिलिअँपिअर. फोन चार्ज करायचं यूएसबी सॉकेट मी थेट बॅटरीवर जोडलं होतं, त्याच्यात व्होल्टेज दाखवणारा निळा आकडा आहे, तो चोवीस तास जळतो. २० मिलिअँपिअर दिसायला काहीच नाही पण दिवसाचे ४८० मिलिअँपिअर-तास होतात, नऊ दिवसांचे ४.३ एएच. म्हणजे चौदातले जवळजवळ एक तृतीयांश त्या निळ्या आकड्याने खाल्ले. जुनी बॅटरी तीन वर्षांत का थकली त्याचंही हेच कारण असावं असं मला आता वाटतं. सॉकेट चावीच्या लाइनवर घेतलं. आता चावी बंद असताना दीड-दोन मिलिअँपिअर राहतात, ते चालेल.

फॉगची वायरिंगही त्याच बैठकीत नीट केली. रिलेचा (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) ३० नंबरचा पिन बॅटरीकडून १० अँपिअरच्या फ्यूजमधून, ८७ फॉगला, ८६ स्विचला, ८५ अर्थला. फ्यूज बॅटरीपासून एक वीत अंतरावर, लांब नको, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यातली वायर घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं.

१० डिसेंबर

आज या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं कळलं. वायरमनकडून डीसी क्लॅम्पमीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा) आणला आणि बॅटरीत जाणारा करंट बघितला. आयडलला फॉग बंद असताना १३.१ व्होल्ट, रेस दिल्यावर ४,००० आरपीएमला १४.३. फॉग चालू केले की आयडलला १२.४, म्हणजे इंजिन चालू असूनही बॅटरीतूनच जातंय. रस्त्याला चालवतो तेवढ्या रेसवर, फॉग बंद, हेडलाइट चालू, बॅटरीत जेमतेम दीड अँपिअर शिरतात.

शेतावर दोन तासांत मी ५.८ एएच काढतो. दीड अँपिअरने ते परत भरायला चार तास गाडी चालायला पाहिजे. माझं घर ते शेत दहा मिनिटं. गाडीत करंट बनवणारा मॅग्नेट तोच, कॉइल तीच, रेग्युलेटर तोच. पाण्याची टाकी मोठी बांधली म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. वायरमन हे पहिल्या दिवशी म्हणाला होता, "भाऊ, बॅटरी मोठी टाकली म्हणजे गाडी करंट मोठा बनवत नाही." मी मान हलवली होती, पण आकडा बघितला तेव्हा ते डोक्यात शिरलं. जो माणूस रोज पन्नास किलोमीटर चालवतो त्याला हा त्रास कमी. जो माझ्यासारखा जवळच जातो त्याची मोठी बॅटरी कायम अर्धी रिकामी राहणार, आणि अर्धी रिकामी राहिलेली बॅटरी आतून पांढरी पडून मरते, मग ती नऊची असो की चौदाची.

तेव्हा चार्जर हा या कामाचा भाग धरायचा. रात्रीच्या लाइटचे दिवस संपले की मी एक रात्र चार्जरला लावतो. पॅनल दर वेळी उघडायला नको म्हणून बॅटरीवरून फ्यूज घालून दोन पिनचं सॉकेट बाहेर काढलंय, ५५ रुपये.

२३ डिसेंबर

५ नोव्हेंबरची परीक्षा परत घेतली, तेच फॉग, तोच मीटर, पण या वेळी खरोखर शेतात, पाणी चालू असताना. रात्री ११:१० ला इंजिन बंद केलं. बारा वाजता १२.४. एकला १२.२. त्यानंतर दोनदा बघायला आलो. १:३५ ला १२.० दिसले तेव्हा बंद केलं, दोन तास पंचवीस मिनिटं, ७ एएच. सेल्फ मारला, पहिल्याच दमात चालू. थंडी इतकी होती की टाकीवर दव साचलं होतं, त्यातही चालू.

त्याच रात्री लक्षात आलं की दुसरा फॉग मला लागतच नाही. उजेड पाहिजे तो उसाच्या बाजूला आणि स्टार्टर पेटीकडे, आणि गाडी तिरकी लावली की एकाच फॉगमध्ये दोन्ही येतं.

२६ डिसेंबर

दुसरा रिले आणि स्विच घातला, ३५० रुपये. आता रस्त्याला दोन्ही, शेतात एक. एकट्या फॉगला १.४५ अँपिअर लागतात, म्हणजे चौदातले निम्मे वापरले तरी पावणेपाच तास. खरं सांगायचं तर हा स्विच नोव्हेंबरमध्ये टाकला असता आणि सोबत नवीन नऊचीच बॅटरी बसवली असती तरी तीन तास मिळाले असते, ट्रे नको, केबल नको, पॅनल नको. ज्यांना दोन-तीन तास पुरतात त्यांनी तेच करावं असं माझं मत. मला आता पूर्ण रात्र निघते म्हणून चौदाची ठेवली.

खर्च धरला तर बॅटरी २,३५०, ट्रे ४५०, केबल आणि लग ३८०, दाबून घ्यायचे ६०, चार्जर ८५०, रिले-स्विच ३५०, आणि नळी, फ्यूज, सॉकेट, बुश, बोल्ट असं किरकोळ २८०. एकूण ४,७२०. नवीन नऊची त्या वेळी दीड हजाराला मिळत होती.

१४ जानेवारी २०२४

तीन आठवडे झाले. रात्रीच्या अकरा पाळ्या झाल्या, चार्जरला तीनदा लावली. आज सकाळी खाने तपासले, पाचांत १.२६५, एकात १.२६०, पाणी एकाच खान्यात दोन चमचे घालायला लागलं. ट्रेचा एक बोल्ट ढिला झाला होता, वजन वाढलंय आणि आमचा शिवरस्ता खडबडीत, तिथे आता नायलॉनचा लॉकनट टाकलाय. कांद्याची लागवड निम्मी झाली, उरलेली परवापासून. परवा परत रात्रीची लाइट आहे, आबांना सांगितलंय की फोन वाजणार नाही, झोपा.